कुसानोंची काळी साळुंकी

नुई पडवीत बसून मुळे दोरीत ओवत होती. दहाव्या महिन्याचं कोरडं वारं सुटलं की मुळे वाळत घालायचे, म्हणजे थंडीभर लोणच्याची काळजी मिटते. अठरा मुळे वळचणीला लटकून झाले होते. तेवढेच अजून टोपलीत होते, पाल्यासकट, मातीसकट. एकोणिसावा मांडीवर घेऊन ती नुसतीच समोरच्या डोंगराकडे बघत बसली होती.

आतून सासऱ्यांचा आवाज आला, "नुई, पांढरा झाला का?"

"होतोय, बाबा."

"कालपासून होतोय. मुळे वाळवायचेत की चित्र पुरं करायचंय?"

"होतोय."

पांढरा रंग खरं तर पहाटेच झाला होता. स्वयंपाकघरातल्या फळीवर, ओल्या फडक्याखाली, थाळीत तयार होता. नुईला खोटं बोलायची सवय नव्हती, त्यातून सासऱ्यांशी तर नाहीच. सकाळी देव्हाऱ्यात भाताची पहिली वाटी ठेवताना तिने करुणेच्या देवीला, काननमातेला, हात जोडून आधीच सांगून टाकलं होतं, की आई, आज माझ्याकडून एक खोटं होणार आहे, पोटात घाल.

चित्रात आता फक्त पांढरा भरायचा राहिला होता. तो भरला की चित्र पुरं. पुरं झालं की त्यावर म्हाताऱ्याची लाल मोहोर. मोहोर उठली की ते देवळात जाणार आणि मग कुणाच्या हातात काही राहणार नव्हतं. म्हणून पांढरा होत नव्हता.

नुई खाडीपलीकडची, कालवं काढणाऱ्यांच्या गावातली. एकोणिसाव्या वर्षी ती नागासाकीत कुसानोंच्या घरात सून म्हणून आली. त्याला आता बावीस वर्षं झाली. घर चित्रकाराचं, पण बायकांनी कुंचला धरायचा नाही अशी रीत. तसं कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं. मधाच्या पोळ्याला हात लावू नये हे जसं कुणी सांगावं लागत नाही, तसंच. बायकांनी रंग धरून ठेवणारा कातड्याचा सरस कढवायचा, रेशमावर तुरटी आणि सरसाचं पाणी फिरवायचं, कुंचले धुवायचे, आणि पांढरा करायचा. पांढरा म्हणजे कालवांच्या शिंपल्यांचा. वर्षानुवर्षं उन्हापावसात पडून शिंपल्या ठिसूळ होतात, मग त्या दळतात. ती भुकटी घरी आणून खलात पुन्हा घोटायची, थेंब थेंब सरस घालत मळायची, तिचा गोळा करायचा आणि तो थाळीवर आपटायचा. शंभर वेळा. एकदा जरी कमी आपटला तरी दहा वर्षांनी रंगाला तडे जातात, असं सासूबाई सांगायच्या. नुई एकशे आठ वेळा आपटायची, दर आपटण्याला काननमातेचं नाव घेत. तिचा जपाचा जप होई आणि रंगाचा रंग. सासूबाई जाताना एवढंच म्हणाल्या होत्या, "तुझा पांढरा माझ्यापेक्षा चांगला होतो. सांगितलं नाही कधी."

सासऱ्यांचं नाव गेनबेई. वय अडुसष्ट. डोळ्यांत धुकं उतरलेलं, हातभर अंतरावरचा माणूस त्यांना आवाजावरून ओळखावा लागे. पण कागद नाकाशी धरला की दिसायचं, आणि हाताला सवय इतकी की पिसांच्या रेघा आपोआप उमटत. गावात त्यांना मान होता तो एका पक्ष्यामुळे. कुसानोंची काळी साळुंकी. कपाळावर तुरा, चोच हस्तिदंताच्या रंगाची, पाय पिवळे आणि बाकी सगळी नखशिखांत काळी. लग्न ठरलं की लोक गेनबेईंकडून साळुंक्यांची जोडी काढून घ्यायचे आणि कोनाड्यात लावायचे.

हा पक्षी इथला नव्हे. तो चीनमधून आला, तोही जिवंत नाही, चित्रातून. छत्तीस वर्षांपूर्वी तिकडचा एक मोठा चित्रकार दोन वर्षं या गावात राहून गेला, आणि त्यानंतर सगळ्या गावाच्या हाताला तिकडचं वळण लागलं. त्याआधी इथले लोक पक्षी चार फटकाऱ्यांत उभा करायचे. आता एकेक पीस वेगळं, पाकळीवरची शीर न् शीर, रंगावर रंगाचे पातळ थर. तिकडची चित्रं जहाजातून यायची, दुभाष्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या घरी थोडे दिवस राहायची आणि पुढे एदोला किंवा ओसाकाला निघून जायची. मधल्या दिवसांत ओळखीपाळखीने ज्याला बघायला मिळेल त्याने नक्कल करून घ्यायची. ती नक्कल हीच घराची दौलत. गेनबेईंचे वडील मोहेई यांना असंच एक साळुंकीचं चित्र दोन दिवस मिळालं होतं. वाटेत समुद्राचं पाणी लागलेलं, खाली डाग पडलेलं, पण हात थोर. मोहेईंनी केलेली नक्कल अजून पेटीत होती, आणि तिच्यात पक्ष्याच्या पंखापाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "इथली शाई उडाली आहे. काळ्याने भरावे."

म्हणून कुसानो काळ्याने भरत.

पुलापलीकडे नागाता नावाचे दुसरे चित्रकार राहत. त्यांच्या साळुंकीच्या पंखात मात्र पांढरा ठिपका असे. गेनबेईंनी त्यावर आयुष्यभर करमणूक करून घेतली. "नागाता म्हणजे फार प्रामाणिक माणसं," ते चारचौघांत म्हणायचे, "चित्राला भोक पडलं असलं तर भोकाचीही नक्कल करतात." लोक हसायचे. नुईही हसायची. घरचं म्हणणं ते आपलं म्हणणं, त्यात विचार कसला करायचा.

आणि परवा ती देवळात गेली.

डोंगराच्या पायथ्याशी लाल दरवाजाचं देऊळ आहे, चिनी लोकांनी बांधलेलं. त्यांची जहाजं आली की ते आपली समुद्रमाता, बोसासामा, झांजा वाजवत, कंदील धरत गावातून मिरवत इथे आणून ठेवतात. उत्तरेचं वारं सुटून जहाज परत निघालं की तशीच वाजतगाजत घेऊन जातात. देवी त्यांची असली तरी रस्त्यात आपणही हात जोडतोच. समुद्र सगळ्यांचा एकच. नुईचा बाप समुद्रावर गेलेला, त्यामुळे ती बोसासामाच्या दिव्याला तेल घालायला चुकत नसे. परवाही त्यासाठीच गेली होती. तेल देऊन ती मागच्या अंगणात आली, तर स्वयंपाकघराच्या दाराशी पिंजरा टांगलेला. दोझुई भिक्षू तिथेच आलं सोलत बसला होता. देवळाच्या मुदपाकखान्याचं सगळं तोच बघतो. गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस.

"ही कोण?" नुईने विचारलं.

"ही? आमच्या देवळातली एकटी नास्तिक. सकाळी सूत्रं सुरू झाली की हसते."

पक्षी खरंच हसला. हा, हा. कपाळावरचा तुरा हलला. नुईने चित्रात तो तुरा हजारदा बघितला होता. तो असा हलतो हे तिला माहीत नव्हतं.

"अगंबाई! ही तर आमचीच साळुंकी!"

"तुमची कशी? कप्तान चेन यांची आहे. येताना वाटेत आजारी पडली म्हणून इथे सोडली. आता जाताना बरोबर नेणार. चांगली झालीय, फक्त उद्धट आहे."

"आणि पंखाला काय लागलंय तिच्या? भिंतीचा चुना?"

"मलाही तसंच वाटलं होतं. ओल्या फडक्याने पुसायला गेलो, तर हे बघा बोट." त्याने चोच मारलेलं बोट पुढे केलं. "जन्माचंच आहे ते. जहाजावरचा आचारी सांगत होता, त्यांच्याकडे कौलाकौलावर दहा-दहा बसतात आणि झाडून सगळ्यांना हा ठिपका. बसली की नखाएवढा दिसतो, उडाली की तळहाताएवढा."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. कप्तानांनाच विचारा की. लहानपणापासून पाळतात म्हणे. काय हो कुसानोंच्या सूनबाई, बरं नाही का वाटत? बसा जरा."

ती बसली. कारण देवळाचे मुख्य भिक्षू जे चित्र गेनबेईंकडून काढून घेत होते, ते चेन कप्तानांना निरोपाची भेट म्हणून द्यायचं होतं. बोसासामा जहाजावर परत जाईल त्या दिवशी. त्या दिवसाला आता पाचच दिवस होते. चित्रात मोकुरेनच्या झाडावर मोठमोठी पांढरी फुलं, आणि फांदीवर एक साळुंकी, नखशिखांत काळी. डोळे चालत नाहीत म्हणून गेनबेईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, की हे शेवटचं.

त्या संध्याकाळी जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं. शिन्झो चिनी वस्तीच्या वेशीवरच्या गोदामात साखर तोलायचा. घरात कुंचल्याचा वारसा त्याच्यापाशी येऊन थांबला होता, आणि त्याचं त्याला काही दुःख नव्हतं.

"अहो, तुम्ही सांगा ना बाबांना."

"मी?" शिन्झोने वाटी खाली ठेवली. "मागे एकदा मी त्यांना म्हणालो होतो, बगळ्याची मान जरा लांब वाटतेय. तेव्हापासून मी साखर तोलतोय."

"थट्टा नको. कप्तान जहाजावर चित्र उघडतील आणि म्हणतील, हा तुरा लावलेला कावळा कुणी काढला? बाबांचं शेवटचं चित्र आहे हो."

"हसतील, पण तिकडे जाऊन हसतील. समुद्रापलीकडचं हसणं इथे कुणाला ऐकू येतंय?"

"मला येईल," नुई म्हणाली.

शिन्झोने तिच्याकडे बघितलं. "मग तूच सांग," तो हळूच म्हणाला. "तुझ्यावर ते ओरडत नाहीत. पांढऱ्यासाठी तरी तुला ठेवायलाच हवं त्यांना."

तर असा तो मुळा तिच्या मांडीवर होता. तिने तो टोपलीत परत टाकला, हात धुतले, आणि पेटीतून मोहेईंचा नकलेचा कागद काढला. एका हातात कागद, एका हातात पांढऱ्याची थाळी. चित्राच्या खोलीत गेनबेई रेशमावर ओणवे होऊन साळुंकीच्या पायाच्या नखाला शेवटचा हात देत होते.

"आणलास? ठेव इथे."

तिने थाळी ठेवली, पण फडकं काढलं नाही. "बाबा, परवा देवळात साळुंकी बघितली. जिवंत."

"बरं झालं. कशी आहे?"

"तुमच्यासारखीच. म्हणजे चित्रासारखीच. पण तिच्या पंखात पांढरं आहे."

कुंचला थांबला. "पिंजऱ्यातली असेल. पिंजऱ्यात पक्ष्यांना रोग होतात, पिसं पांढरी पडतात."

"दोझुई म्हणाले, सगळ्यांनाच असतं."

"दोझुईला गाजर चिरता येतं. त्याला साळुंकीतलं काय कळतं?"

"आणि नागातांच्या चित्रात पण..."

"त्यांचं नाव काढू नकोस या खोलीत!" म्हाताऱ्याने कुंचला ठेवून दिला. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "हे बघ, नुई. चित्र पक्ष्यावरून काढत नसतात. पक्ष्याचं काय, आज आहे, उद्या मांजर खाईल. चित्र चित्रावरून काढतात. तिकडच्या एका माणसाने जन्मभर बघितलं आणि एकदा काढलं. ते बाबांनी बघितलं. बाबांचं मी बघितलं. एवढ्या माणसांच्या मध्ये तुझा हा पिंजरा कुठून आला?"

तिने नकलेचा कागद त्यांच्या गुडघ्याशी ठेवला. "बाबा, तो पक्षी कप्तान चेन यांचा आहे. चित्र त्यांच्याकडेच जाणार आहे."

गेनबेईंनी रेशमाकडे बघितलं नाही आणि कागदाकडेही नाही. नुसतंच म्हणाले, "थाळी घेऊन जा. आज पांढरा नको."

त्या दिवशी त्यांनी मिसोचं सार अर्धं टाकलं. त्यात मुळ्याचा कोवळा पाला होता आणि तो त्यांच्या आवडीचा. नुईने थाळीवरचं फडकं पुन्हा ओलं केलं. तिला वाटलं आपण फार मोठी चूक केली, आणि वाटलं की केली नसती तर त्याहून मोठी झाली असती. दोन्ही एकदम वाटत होतं. तिने देव्हाऱ्यापुढे बसून काही मागितलं नाही. नुसतंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विहिरीवरून आली तर गेनबेई पडवीत उभे, अंगात बाहेर जायचा झगा.

"माझी काठी कुठेय?"

"कुठे जायचंय, बाबा?"

"मांजराने खायच्या आत बघून घ्यावी म्हटलं."

देवळापर्यंत चढ आहे, दगडी पायऱ्यांचा. गेनबेई दर वीस पायऱ्यांना थांबत आणि थांबलो ते दृश्य बघायला असं दाखवत, जरी त्यांना दृश्य दिसत नव्हतं. नुई एक पायरी मागे. अंगणात पोचल्यावर दोझुईने लगबगीने पिंजरा खाली काढला आणि ओट्यावर ठेवला.

"गुरुजी, तोंड फार जवळ नेऊ नका, नाकाला चोच मारेल."

"माझं नाक माझ्या पत्करावर."

गेनबेईंनी नाक गजांना टेकवलं. पक्षी एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला आणि मान वाकडी करून त्यांच्याकडे बघत राहिला. दोघं एकमेकांना बघत होते. दोझुईने उकडलेल्या अंड्याचा बलक बोटावर धरून पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला नेला. त्यासरशी साळुंकी दांडीवरून झेपावली आणि पंख उघडला. काळ्या पंखात पांढरं लखलखून गेलं. फार थोडा वेळ, पण ते म्हाताऱ्याच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होतं.

"पुन्हा," गेनबेई म्हणाले.

दोझुईने पुन्हा बलक दाखवला. मग पुन्हा. अख्खं अंडं संपलं.

"गुरुजी, तिचं पोट बिघडेल. कप्तान मला समुद्रात टाकतील."

तेवढ्यात पक्षी पोटभर हसला. हा, हा, हा. दोझुई ओशाळून पिंजऱ्यावर फडकं टाकायला गेला, तर गेनबेईंनी त्याचा हात धरला.

"हसू दे. छत्तीस वर्षं वाट बघतेय ती."

परत येताना ते एकदाच बोलले, तेही शेवटच्या पायरीवर. "तुरा उठतो आणि बसतो. ते बाबांना कळायला मार्ग नव्हता."

घरी आल्यावर त्यांनी नकलेचा कागद मागितला. खिडकीपाशी नेऊन नाकाशी धरला आणि बोट एका जागी ठेवून नुईला म्हणाले, "तू बघ. माझ्या बोटाखाली काय आहे?"

नुईने बघितलं. मोहेईंनी पक्ष्याचा पंख रेघेने काढला होता, आणि त्या पंखात, शेजारच्या अक्षरांहून किती तरी फिकट, दुसरी एक बंद रेघ होती. तांदळाच्या दाण्यासारखी. ठिपक्याची कड.

"मोहेई आजोबांच्या हाताने बघितलं होतं," ती म्हणाली. "जागा राखून ठेवलीय त्यांनी."

"हो. हाताने बघितलं." गेनबेई खाली बसले. "आता ऐक. हे मी तुझ्या सासूलासुद्धा सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चित्र परत द्यायचं होतं. बाबा नक्कल करत होते, मी शाई उगाळत होतो. बाबा या जागेपाशी थांबले. मला म्हणाले, गेन, हे पांढरं मुळातलं असेल का रे, की समुद्राच्या पाण्याने शाई गेली? तुझे डोळे चांगले आहेत, बघ. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा. मला घाई. चित्र न्यायला दुभाष्याचा माणूस दारात येऊन उभा होता. मी नीट बघितलंसुद्धा नाही. म्हणालो, उडालीच असेल बाबा, लिहून टाका." त्यांनी बोट त्या ओळीवर नेलं. "अक्षर त्यांचं आहे. शब्द माझे आहेत."

नुईने कागदाची वळलेली कड सरळ केली. अशा वेळी काही बोललं तर ते समजूत घातल्यासारखं होतं, आणि समजूत घालून घ्यायचं वय त्यांचं नव्हतं.

"आणि त्यावर मी नागातांना हसत आलो," गेनबेई म्हणाले. "त्यांनी मुळात भोक नव्हे, पक्षी बघितला होता. जा, थाळी आण."

नुईने थाळी आणली. पांढरा थोडा आवळला होता, तिने दोन थेंब कोमट पाणी घालून बोटाने घोळवला. मोकुरेनच्या पाकळ्यांना गेनबेईंनी स्वतः पांढरा दिला. पातळ, थरावर थर, दर थर वाळेपर्यंत थांबून. त्यात ती दुपार गेली आणि दुसऱ्या दिवसाची सकाळही. फुलं रेशमावर उमलल्यासारखी झाली. मग राहिला पंख. तिथे काळ्यावर पांढरा बसवायचा होता, एकाच स्पर्शात, घट्ट. काळ्यावर पांढरा दोनदा फिरवला की खालची शाई वर येते आणि राखेसारखा रंग होतो. गेनबेईंनी कुंचला उचलला. हात रेघ ओढताना थरथरत नसे, पण ठिपक्यासाठी थांबला की थरथरायचा. त्यांनी तीनदा उचलला आणि तीनदा ठेवला.

"तू लाव."

"बाबा, मी कशी..."

"पांढरा तुझा आहे. किती घट्ट आहे, किती घेईल, किती सोडेल, ते तुझ्या हाताला माहीत. बावीस वर्षं आपटते आहेस तो."

"बायकांनी कुंचला..."

"कुणी लिहून ठेवलंय कुठे? आणि लिहून ठेवलेल्याचं काय होतं ते आपण आत्ताच बघितलं. धर."

हात धुवून आलेच, म्हणाली ती. धुतलेच होते, तरी पुन्हा धुतले. येताना देव्हाऱ्यापुढे उभं राहून एकदा काननमातेचं नाव घेतलं, एकदाच. मग बसून कुंचल्याचं टोक पांढऱ्यात बुडवलं, थाळीच्या काठावर निथळलं आणि मोहेईंनी राखलेल्या जागी, रेशमावर, टेकवलं. थोडं ओढलं. उचललं.

गेनबेई नाक टेकवून बघत होते.

"जरा मोठा झाला," ते म्हणाले.

"पुसू का?"

"पुसतेस काय! राहू दे. उडायच्या बेतात आहे असं वाटेल." आणि थोड्या वेळाने, "तुझी सासू बरोबर म्हणायची."

"काय म्हणायच्या?"

"मला म्हणायची, ही मुलगी गोळा एकशे आठ वेळा आपटते, खुळी आहे."

बोसासामा जहाजावर परत निघाली त्या दिवशी सगळा रस्ता फुलला होता. झांजा, कंदील, मागून लाल झूल पांघरलेली देवीची पालखी. शिन्झोला गोदामाची सुट्टी होती, तो बापाचा हात धरून कडेला उभा होता. नुईने वाकून देवीला नमस्कार केला आणि मनातल्या मनात म्हणाली, जपून जा, आणि या माणसांना घरी पोचव. चित्र सकाळीच देवळात भेट दिलं गेलं होतं. तिथे काय झालं ते दोझुईने मिरवणुकीतून चालता चालता, कंदील सांभाळत सांगितलं. "चेन कप्तानांनी गुंडाळी उघडली. मग ओठ चिमटीत धरून चित्राला शीळ घातली. पिंजऱ्यातल्या बयेला घालतात ना, अगदी तश्शी! आणि तुम्हाला सांगतो गुरुजी, पिंजऱ्यातलीने ओ दिली. मग सगळेच हसले."

गेनबेईंनी ते ऐकलं आणि मान हलवली.

संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी नुईला शाई उगाळायला लावली. नकलेचा कागद पुढे घेतला आणि वडिलांच्या ओळीवर काट मारली नाही. तिच्या खाली, मोठ्या आणि वाकड्या अक्षरांत लिहिलं, "पांढरे मुळातलेच आहे. देवळात जिवंत पक्षी पाहिला. वरची चूक गेनबेईची. भरू नये." मग मोहोर उठवली.

"झालं," नुई म्हणाली.

"कुठे झालं? गावात आपल्या किती आहेत? मोज."

"काय मोजू?"

"काळ्या साळुंक्या. पुलापाशी तोफूवाले सोनेदा यांच्या कोनाड्यात जोडी आहे, त्यांच्या थोरलीच्या लग्नातली. मेणबत्तीवाल्यांकडे एक. वरच्या आळीत वैद्यांकडे एक, तिचा पाय पण नीट साधला नव्हता मला. त्यांना काय सांगणार आहोत? की आम्ही तुम्हाला कावळे विकले?"

शिन्झो पडवीतून म्हणाला, "बाबा, लोक म्हणतील, म्हाताऱ्याला आता आठवलं."

"म्हणू देत. तू साखर तोल."

नुईला हसू आलं, ते तिने बाहीत लपवलं. "त्यांच्या भिंतीवरून उतरवून आणायच्या?"

"एकेक. एका ठिपक्याचं तर काम आहे. ठिपका तू लावशील, मी सांगेन कुठे. आधी सोनेदांकडे जा. ते सकाळी कामात असतात, पण माणूस सरळ आहे. आणि खोटं काही सांगू नकोस. सांग, गेनबेई चुकला."

दुसऱ्या दिवशी पहाटे नुई पडवीत बसली. टोपलीतले मुळे चार दिवसांत मऊ पडले होते, पण टाकायसारखे नव्हते. तिने एकेक पुसून दोरीत ओवला आणि वळचणीला टांगला, आधीचे धरून छत्तीसच्या छत्तीस. मग आत जाऊन नवा गोळा मळला, एकशे आठ वेळा आपटला, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवला. देव्हाऱ्यात भात ठेवला. या खेपेला आईला आधी काही सांगून ठेवायचं नव्हतं.

रिकामी चौकोनी टोपली, वर झाकायला स्वच्छ रुमाल घेतला, आणि ती सोनेदा तोफूवाल्यांकडे त्यांच्या साळुंक्यांची जोडी मागायला निघाली.